शुभेच्छुकांसह संपूर्ण

डोळस माणूस वाचतो, हा एक जुना आणि लाडका गैरसमज आहे. तो फक्त बघतो. चौकातल्या फ्लेक्सवर ओझरती नजर टाकली की त्याला कळतं, वाढदिवस आहे, कुणातरी दादांचा आहे, आणि दादा या वेळी उभे राहणार आहेत. एवढं कळण्यासाठी त्यानं एकही ओळ वाचलेली नसते. फ्लेक्सच्या तळाशी जी चाळीसेक शुभेच्छुकांची नावं असतात, ती छापणाऱ्यानंही वाचलेली नसतात. स्वतः शुभेच्छुक तेवढा आपलं नाव शोधतो, ते शेजारच्यापेक्षा बारीक टायपात घातलं आहे का हे तपासतो आणि दुखावून किंवा सुखावून पुढे जातो. अलीकडे मात्र या मंडळींना एक निष्ठावान वाचक लाभला आहे. अंध माणसानं मोबाइलचा कॅमेरा फ्लेक्सकडे धरला की त्याचं वाचक ॲप ‘भावी नगरसेवक’पासून जे सुरू होतं, ते ‘आणि समस्त मित्रमंडळ’पर्यंत कुणालाही न गाळता वाचत राहतं. या ॲप्सबद्दल लोक नेहमी विचारतात की ती कितपत बरोबर वाचतात. प्रश्न चांगला आहे, पण चुकीच्या पक्षकाराला विचारलेला आहे. ही ॲप्स जिथे जिथे अडखळतात त्या जागांची यादी करायला बसलं, तर त्यातल्या थोड्याच चुका ॲपच्या खात्यावर जातात. बाकीच्या आपल्या निघतात, म्हणजे छापणाऱ्यांच्या, शिक्का मारणाऱ्यांच्या आणि स्कॅन करणाऱ्यांच्या. आपण जे छापतो त्यातलं बरंचसं वाचण्यासाठी छापलेलंच नसतं, आणि हे उघडकीला आणण्यासाठी शेवटी एक असा वाचक लागला, ज्याला वाचल्याशिवाय काहीच कळत नाही.

ॲपच्या आधी वाचून दाखवायला माणूस असायचा. आजही असतो, आणि त्याचे उपकार आहेतच. पण माणूस वाचून दाखवत नाही, निकाल सांगतो. चार पानी पत्र हातात आलं की तो आधी मनातल्या मनात वाचतो, मध्येच ‘हं’ म्हणतो, आणि शेवटी ‘काही नाही, बँकेचं आहे’ एवढंच जाहीर करतो. ज्याचं पत्र, त्याच्या वाट्याला ते ‘हं’ तेवढं येतं. पेपर वाचून दाखवणारा क्रिकेट सविस्तर वाचतो आणि अर्थसंकल्पाला ‘नेहमीचंच’ म्हणून पान उलटतो. पगाराची चिठ्ठी वाचून देणाऱ्याला पगार कळतो आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीला कळतो. लॅबचा रिपोर्ट वाचणारा तर इतका सहृदय असतो की सगळेच आकडे त्याला ‘नॉर्मल’ दिसतात. या वाचकवर्गाला पहिला खरा पर्याय अमेरिकेत १३ जानेवारी १९७६ रोजी जगासमोर आला. रे कर्झवाइल यांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेला सोबत घेऊन तयार केलेलं ते यंत्र छापील पान वाचून बोलत असे. त्याआधीही, १९१०च्या दशकात, इंग्लंडमध्ये फूर्निए दाल्ब या शास्त्रज्ञानं ऑप्टोफोन नावाचं यंत्र केलं होतं. त्यात अक्षरांचे सूर व्हायचे आणि ते सूर ओळखत ओळखत शब्द लावायचा. मेरी जेमसन नावाच्या अंध बाई त्यावर मिनिटाला साठेक शब्द वाचू लागल्या, पण तेवढा कान तयार करण्यापेक्षा संगीत विशारद होणं सोपं पडलं असतं. कर्झवाइलचं यंत्र सरळ शब्दच बोलायचं. किंमत साधारण ५०,००० डॉलर, आणि पहिल्या काही गिऱ्हाइकांत गायक स्टीव्ही वंडर, यावरून ते कुणाला परवडत होतं याचा अंदाज यावा. २००६मध्ये हेच काम हातात मावणारं उपकरण करू लागलं, २००८मध्ये ते नोकियाच्या एन-८२ फोनमध्ये शिरलं, २०१४मध्ये आयफोनवर शंभरेक डॉलरला मिळू लागलं, आणि २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘सीइंग एआय’ हे ॲप फुकट देऊन टाकलं. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं ते साकिब शेख स्वतः अंध आहेत. पुढे गूगलचं ‘लुकआउट’ आलं, नेदरलँड्समध्ये दोन भारतीय तरुणांनी काढलेलं ‘एन्व्हिजन’ आलं. चाळीस वर्षांत किंमत पन्नास हजार डॉलरवरून शून्यावर आली. आणि या सबंध काळात एकाही यंत्रानं ‘काही नाही, बँकेचं आहे’ असं म्हटल्याची नोंद नाही.

या वाचकाचा सगळ्यात क्रांतिकारक गुण मात्र त्याच्या निर्मात्यांनी मुद्दाम घातलेला नाही. त्याला टायपाचा आकार ऐकवता येत नाही. मजकूर कॅमेऱ्यात आला, ओळखला गेला, की सगळी अक्षरं एकाच आवाजात, एकाच पट्टीत, एकाच वेगानं बोलली जातात. जाहिरातशास्त्राची अर्धी इमारत इथे कोसळते. पानभर ‘७० टक्के’ आणि त्याच्या कुशीत मुंगीएवढं ‘पर्यंत’, ही रचना डोळ्यासाठी केलेली असते. डोळ्याला ७० दिसतं आणि मुंगी दिसत नाही. ॲप मात्र ‘सत्तर टक्क्यांपर्यंत सूट, फुली, अटी लागू’ हे एका दमात, कोर्टातल्या बेलिफाच्या निर्विकारपणे सांगून मोकळं होतं. ‘फक्त निवडक वस्तूंवर’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या खणखणीत आवाजात दुसरं कुणीही उच्चारत नसेल. फ्लॅटच्या माहितीपत्रकावर स्विमिंग पूल, क्लब हाउस आणि मागे डोंगर असतो. शेवटच्या पानावर, पानाच्या शेवटच्या कडेला, करड्या कागदावर करड्या शाईनं ‘चित्रे प्रातिनिधिक असून प्रत्यक्षात बदल होऊ शकतो’ असं असतं. डोळस गिऱ्हाईक डोंगर बघून बुकिंग करतं. अंध गिऱ्हाइकाला डोंगर दिसत नाही, पण तो जागेवर असेलच असं नाही, हे आधी कळतं. आता यावर कुणी म्हणेल की बारीक अक्षर कॅमेऱ्यालाही दिसत नाही, मग ॲप ते वाचणार कसं. बरोबर आहे, कधी कधी नाहीच दिसत. पण अशा वेळी ‘वाचता येत नाही’ हे कळतं तरी. डोळस माणसाला न वाचल्याचा पत्ताच नसतो, आणि सही तर त्याच पानावर करायची असते.

मराठीत ही ॲप्स फार चुकतात, हा आक्षेप सगळ्यात वजनदार. तो खोटा नाही. रोमन अक्षरं एकमेकांना न शिवता उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीत ओवते, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी. म्हणून अक्षरं ओळखण्याच्या जुन्या पद्धतींत आधी शिरोरेषा हुडकायची, ती पुसायची, आणि खाली जे तुकडे उरतील त्यांची ओळखपरेड घ्यायची असा मार्ग होता. पुण्याच्या सी-डॅकनं हिंदी-मराठीसाठी ‘चित्रांकन’ ही प्रणाली केली, तेव्हापासून आजपर्यंत हे काम बरंच सुधारलं आहे. तरी भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक शेवटी एका गाठीचा आणि शिरोरेषेतल्या केसभर फटीचा. झेरॉक्स जरा काळी आली की फट बुजते आणि ‘कर भरणा केंद्र’ हे ‘कर मरणा केंद्र’ होतं; फिकी आली की शिरोरेषा तुटते आणि ‘घरपट्टी’ची ‘धरपट्टी’ होते. करदात्याला विचारलं तर तो याला चूक म्हणणार नाही, हा भाग वेगळा. ‘शाखा’मधला ख जरा सुटा पडला की ‘शारवा’ होतो, ‘खाते’चं ‘रवाते’ होतं. पण ही फट बुजवली कुणी? मूळ कागदाची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, तिचा फोटो आणि तो व्हॉट्सॲपवर, एवढ्या पिढ्या उलटल्यावर कुठलंही अक्षर आजोबांसारखं दिसायचं बंद होतं. डोळस माणूस अशा कागदावर ‘भरणा’ वाचतो, कारण तिथे ‘भरणा’ असणार हे त्याला कागद हातात घ्यायच्या आधीच माहीत असतं. लग्नपत्रिकेचंही तेच. श्रीच्या पोटात गणपती, गणपतीच्या सोंडेत ‘शुभविवाह’, आणि सोनेरी कागदावर सोनेरी अक्षरं असलेलं ते पाकीट ॲपपुढे धरलं तर ॲप हतबल होतं, आणि आपल्याला वाटतं तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे. वास्तविक ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून पुढचा मजकूर पत्रिका मिळालेल्या एकाही माणसानं वाचलेला नसतो. तारीख, हॉल आणि जेवणाची वेळ, एवढं हुडकून पत्रिका फ्रिजवर जाते. बोलण्याची चूक मात्र खरीच ॲपकडे जाते. लिपी एक असल्यानं कित्येकदा मराठी पान हिंदी आवाजाच्या हाती पडतं, आणि मग ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होऊन ते दिल्लीचे वाटू लागतात.

या सगळ्याहून मनोवेधक प्रकरण सरकारी कागदाचं आहे, आणि त्यावर थोडं रेंगाळलं पाहिजे. परिपत्रक जन्माला येतं ते संगणकावर, म्हणजे अक्षरं म्हणूनच. त्या अवस्थेत ते जसंच्या तसं पाठवलं, तर फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर ते कॅमेऱ्याशिवाय, एकही चूक न करता वाचून दाखवील. पण कार्यालयाला ते फार अशोभनीय वाटत असावं. म्हणून ते छापलं जातं. त्यावर सही होते. सहीवर शिक्का बसतो, आणि शिक्का नेहमी ‘अर्ज करण्याचा अंतिम दिनांक’ याच ओळीवर बसतो. मग पान स्कॅनरमध्ये तिरकं घातलं जातं, कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा फोटो येतो, आणि अक्षरांचं चित्र झालेली ती पीडीएफ संकेतस्थळावर चढते. आता अंध उमेदवारानं या चित्रातून पुन्हा अक्षरं काढायची, त्यासाठी जगभरातल्या अभियंत्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता राबवायची, आणि शेवटी हाताशी काय लागणार, तर जे पहिल्या दिवशी कारकुनाच्या संगणकात होतंच ते, वजा अंतिम दिनांक. बरं, न छापता फाइलच पाठवली, तरी सुटका होईलच असं नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. तरीही कृतिदेवसारखे जुने फाँट आपल्याकडे अजून नांदताहेत. या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कळा असतात. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द त्या फाँटचं सोंग न कळणाऱ्या स्क्रीन रीडरला ‘ई जे के बी एच’ असा ऐकू येतो. मराठी भाषेच्या संवर्धनाचं आवाहन या फाँटात केलं, तर अंध वाचकाला ते एखाद्या परग्रहावरच्या वाहनक्रमांकांची यादी वाटेल. यावर कार्यालयाचं उत्तर ठरलेलं असतं, की सही-शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही. असेल. मग सहीचं चित्रही लावा आणि शेजारी मजकुराची साधी फाइलही ठेवा. त्याला जादा खर्च येत नाही, फक्त ‘असं आजवर केलेलं नाही’ ही अडचण आहे, आणि ती मात्र फार मोठी.

आधी वस्तू न ओळखण्याजोगी करायची आणि मग ती ओळखण्यासाठी ॲप काढायचं, या पद्धतीचं उत्तम उदाहरण आपल्या खिशातच आहे. जुन्या नोटांत शंभराची १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७ होती. एकेक सेंटिमीटरचा हा फरक बोटांना कळायचा. नव्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०, आणि रुंदी सगळ्यांची ६६. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा तर माणूस सोनारच हवा. हा प्रश्न नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या मुंबईच्या संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात नेला. १ जानेवारी २०२०ला रिझर्व्ह बँकेनं ‘मणी’ नावाचं ॲप आणलं. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की ते किंमत सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. ॲप उपयोगी आहे, यात वाद नाही. पण भाजीवालीनं परत दिलेली प्रत्येक नोट मंडईत उभं राहून कॅमेऱ्यापुढे धरायची आणि ती कितीची आहे हे मागच्या रांगेला ऐकवायचं, यापेक्षा आणखी सहा मिलिमीटर कागद स्वस्त पडला असता. बँकेच्या ॲपची तऱ्हा तर याहून पुढची. ग्राहक जिवंत आहे याची खात्री पटवण्यासाठी केवायसीत ‘डोळ्यांची उघडझाप करा’ अशी सूचना आली, तेव्हा ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकाच प्रकारचा माणूस असणार. अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ज्यांनी दाद मागितली त्यांच्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेली व्यक्ती होती आणि दृष्टिहीन वकीलही होते. उघडझाप न करणारा माणूसही जिवंत असू शकतो, हे ठरायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाचा वेळ खर्ची पडला.

आता आशावाद्यांचा आक्षेप. ते म्हणतात, छपाई सुधारायची कटकट कशाला, कृत्रिम बुद्धिमत्ता दर महिन्याला हुशार होते आहे. ‘बी माय आइज’ हे ॲप २०१५मध्ये डेन्मार्कच्या हान्स योर्गन विबर्ग यांनी सुरू केलं, तेव्हा त्यात व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक वाचून दाखवायचे. २०२३मध्ये त्यातच यंत्र आलं, आणि ते नुसतं वाचत नाही, वर्णन करतं, प्रश्नांना उत्तरं देतं. वाणसामानाचं बिल दाखवून ‘साखर किती लावली?’ असं विचारता येतं, हे सुख मोठं आहे. पण या नव्या वाचकाला आपली एक जुनी सवय लागली आहे. जुनं ॲप वाचता आलं नाही की खुळ्यासारखं काहीतरी बरळायचं, आणि ‘रवाते’ ऐकल्यावर चूक आहे हे चटकन कळायचं. नवं ॲप अडलं की कित्येकदा तिथे काय असायला हवं याचा अंदाज घेतं, आणि तो अंदाज शुद्ध, प्रमाण, आत्मविश्वासपूर्ण भाषेत सांगतं. म्हणजे आजवर डोळस माणूस जे करत आला तेच. बिघडलेल्या कागदावरचा ‘मरणा’ त्याच्या तोंडून ‘भरणा’ होऊन येईल, ते ठीक. पण पुसट झालेला आकडा १ असायला हवा की ७, हे अंदाजानं ठरवायचं नसतं, विशेषतः तो गोळ्यांचा डोस असेल तर. औषधाच्या चिठ्ठीसाठी आपल्यावर विसंबू नका, असं ‘बी माय आइज’ स्वतःच सांगतं. हा प्रामाणिकपणा त्याच्या माणसातल्या पूर्वसुरींनी कधी दाखवला नव्हता. तेव्हा यंत्र जितकं हुशार होईल, तितकी त्याच्यापुढची छपाई स्वच्छ हवी. कारण मूर्खाची चूक ऐकू येते, शहाण्याची येत नाही.

राहता राहिला तो आक्षेप, जो कुणी तोंडावर करत नाही पण बैठकीत शेवटी हळूच निघतो: अशी माणसं असून असून किती, आणि त्यांच्यासाठी सगळ्यांनी का बदलायचं? २०१६च्या अपंग हक्क कायद्यानं याचं उत्तर दिलेलं आहे, पण कायद्याचं उत्तर ऐकून कुणाचं मन वळल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा औषधाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. गोळ्यांच्या पाकिटावर मुदतीची तारीख शाई न वापरता, चकचकीत चंदेरी पत्र्यावर नुसती ठोकलेली असते. ती बहुधा पाकिटाच्या टोकाला असते, आणि सुट्या गोळ्या देताना कात्री नेमकी तेच टोक मागे ठेवून घेते. चाळिशीतला, उत्तम नजर असल्याची ख्याती असलेला गिऱ्हाईक ते पाकीट आधी नाकाशी नेतो, मग हात पुरेल तितकं लांब नेतो, मग प्रकाशाकडे तिरकं धरतो. शेवटी इकडेतिकडे बघून खिशातून मोबाइल काढतो, पाकिटाचा फोटो घेतो आणि दोन बोटांनी मोठा करून बघतो. तरीही लागत नाही. आपण अंधांसाठीच्या ॲपच्या दारात उभे आहोत, हे त्याच्या मनातही येत नाही. तो पाकीट काउंटरवर सरकवून विचारतो, ‘मुदत बघा हो जरा.’ दुकानदार चष्मा कपाळावर चढवतो, पाकीट ट्यूबलाइटखाली धरून एकवार उलटंसुलटं करतो आणि म्हणतो, ‘आहे अजून. घ्या बिनधास्त.’